सुई, वीज आणि उंदराचा मेंदू

कुरुंदवाडात आणि एकूणच शिरोळ तालुक्यात एखाद्याचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढले गेले, की लोक म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं'. पुस्तकी मराठीतही वारा आहेच. आपण 'अर्धांगवायू' म्हणतो. गंमत अशी की, चिनी भाषेतही या आजाराचे जुने नाव 'चुंग-फंग' म्हणजे 'वाऱ्याचा तडाखा' असेच आहे. शरीराची एक बाजू क्षणात निकामी व्हावी आणि बाहेर जखम म्हणून काहीच दिसू नये, याचा दोष न दिसणाऱ्या वाऱ्यावर टाकणे दोन्ही देशांतल्या लोकांना स्वाभाविक वाटले असावे.

उपायांतही साम्य आहे. आपल्याकडे डाग देत. माणसाला देत तसे बैलालाही देत. चीनमध्ये सुया टोचत आणि औषधी वनस्पतीचा काकडा त्वचेजवळ जाळत. अर्धांगवायूच्या काही रोग्यांत पहिल्या काही आठवड्यांत आपोआप बरीच सुधारणा होते. त्या काळात जो उपाय चालू असेल, त्याच्या पदरात श्रेय पडते. डाग देणाऱ्याला ते मिळाले, तेल चोळणाऱ्याला मिळाले, सुई टोचणाऱ्यालाही मिळाले. तेव्हा सुईचा खरा वाटा किती, हे शोधायचे तर आपोआप होणारी सुधारणा वजा करता आली पाहिजे. उंदरांवरील प्रयोगांचा जन्म या गरजेतून झाला. पण तिकडे जाण्यापूर्वी एका मराठी नावाचा हिशेब करायला हवा, कारण अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला की ते नाव हमखास निघते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनला पाठवले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांपैकी दोघे महाराष्ट्रातले, पण चोळकरांची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९३९ च्या आरंभी पथक येनानला पोचले. पुढे कोटणीस उत्तरेकडील आघाडीवर गेले, १९४१ मध्ये तेथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. कोल्हापूरच्या मातीतून वर आलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि हे नाव घरोघरी पोचले.

पण कोटणीस होते शल्यचिकित्सक. गोळ्या काढणे, सडलेले अवयव कापणे, नव्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवणे हे त्यांचे काम. अखेरच्या काळात ते शस्त्रक्रियेचेच पाठ्यपुस्तक लिहीत होते. अ‍ॅक्युपंक्चरचे त्यांनी काही केले, असा समज आपल्याकडे आहे. तारखा तो टिकू देत नाहीत. १९४४ मध्ये माओंनी येनानमध्ये पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांना जुन्या वैद्यांबरोबर काम करण्याचे आवाहन केले. औषधे मिळत नव्हती, डॉक्टर मोजके होते. सुया मात्र स्वस्त होत्या. १९४५ मध्ये येनानच्या शांतता रुग्णालयात अ‍ॅक्युपंक्चरचा विभाग उघडला. तेव्हा कोटणिसांना जाऊन दोन वर्षे उलटून गेली होती.

मग नाव जोडले गेले कसे? ते आले त्यांच्या सहकाऱ्यामुळे. डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे सुया टोचायला शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात हा उपचार सुरू केला. भारतातील आधुनिक अ‍ॅक्युपंक्चरची सुरुवात तेथून मानतात. मित्राचे स्मारक आणि आपली विद्या बसूंनी एकाच तळमळीने वाढवली. लुधियानात तर कोटणिसांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय उभे राहिले. यात कोणी कोणाला फसवले, असे म्हणता येणार नाही. मात्र हुतात्म्याचे नाव एखाद्या उपचाराच्या दारावर लागले, की तो उपचार तपासायला माणसाचे मन कचरते, एवढे खरे.

आता विजेकडे वळू. सुईला वीज जोडण्याची कल्पना चिनी आहे, असे बहुतेकांना वाटते. ती फ्रेंच आहे. सुप्रसिद्ध संगीतकार हेक्टर बेर्लिओझ यांचे वडील लुई बेर्लिओझ हे डॉक्टर होते. १८१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी सुईतून वीज सोडून पाहावी, असे सुचवले. १८२५ मध्ये सार्लांदिएर या फ्रेंच डॉक्टरने ते करून दाखवले आणि त्यावर पुस्तक लिहिले. व्होल्टाचा विद्युतघट तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, फॅराडेचा जनित्राचा शोध अजून सहा वर्षे दूर होता. नव्या शक्तीने रोग बरे करण्याची हौस युरोपभर पसरली आणि काही वर्षांत ओसरली. चीनमध्ये विजेच्या सुयांचा प्रसार विसाव्या शतकात झाला.

त्याला कारणही व्यवहारातले होते. १९५८ मध्ये शांघायमध्ये सुया टोचून शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोग सुरू झाले. शस्त्रक्रिया चालेपर्यंत कोणीतरी सुई सतत हाताने फिरवत बसावे लागे. हे काम कंटाळवाणे, आणि दोन माणसे सारखी फिरवतीलच असेही नाही. विद्युतस्पंदने देणारे छोटे यंत्र सुईला जोडले की प्रश्न मिटला. त्यातून एक फायदा झाला, जो तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसेल. किती मिलिअँपिअर, सेकंदाला किती स्पंदने, किती मिनिटे, हे सारे आता आकड्यांत लिहिता येऊ लागले. आकड्यांत लिहिता येते ते दुसऱ्या प्रयोगशाळेला पुन्हा करून पाहता येते. सुई विज्ञानाच्या कक्षेत आली ती या यंत्रामुळे.

जगाचे लक्ष गेले ते १९७१ मध्ये. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये आंत्रपुच्छ काढावे लागले. त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि 'नुसत्या सुयांवर अमेरिकन माणसाची शस्त्रक्रिया' अशी कथा जगभर पसरली. मूळ लेखात तसे काहीच नव्हते. शस्त्रक्रिया नेहमीचे बधिर करणारे औषध टोचून झाली होती. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचण्यात आल्या व त्यांना बरे वाटले. कोटणिसांच्या बाबतीत झाले तसेच हे झाले. घटना खरी, पण सांगणाऱ्यांनी सुईचा वाटा वाढवला. कोपर आणि गुडघ्याखालची जागा तेवढी लक्षात ठेवावी, पुढे ती उंदराच्या अंगावर पुन्हा भेटणार आहे.

या गोंधळात पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातले हान जीशंग शांतपणे काम करीत होते. सुईने वेदना कमी होत असतील तर शरीरात नेमके काय बदलते, हा प्रश्न त्यांनी १९६५ पासून हाती घेतला होता. १९७४ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला सशांचा प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. एका सशाच्या ठरावीक बिंदूवर दाब देऊन त्याची वेदना सहन करण्याची क्षमता वाढवली. मग त्याच्या मेंदूच्या पोकळीतील द्रव काढून, ज्याला हातही लावलेला नाही अशा दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडला. दुसऱ्या सशाचीही क्षमता वाढली! म्हणजे मेंदूत काहीतरी रासायनिक पदार्थ सुटत होता. ससा उपचारावर श्रद्धा ठेवत नाही, आणि दुसऱ्या सशाला तर उपचारच झाला नव्हता. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतील अफूसदृश द्रव्य, एन्केफालिन, शोधून काढले. लगोलग टोरांटोच्या पोमेरान्झ यांनी दाखवले, की अफूचा परिणाम रोखणारे नालोक्झोन हे औषध दिले, की उंदरांमध्ये विजेच्या सुयांचा वेदनाशामक परिणामही नाहीसा होतो. हान यांना पुढे असेही आढळले, की सेकंदाला २ स्पंदने दिली तर एक प्रकारची द्रव्ये सुटतात आणि १०० दिली तर दुसऱ्या प्रकारची.

येथपर्यंतची गोष्ट वेदनेची. अर्धांगवायू हे प्रकरण निराळे आहे. तेथे प्रश्न मेलेल्या पेशींचा आहे.

बहुसंख्य रोग्यांत मेंदूच्या एखाद्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते. गाभ्यातल्या चेतापेशी काही मिनिटांत मरतात. त्यांच्याभोवती मात्र एक पट्टा उरतो. तेथे शेजारच्या वाहिन्यांतून थोडेसे रक्त झिरपत असते. पेशी काम थांबवतात, पण लगेच मरत नाहीत. १९७७ ते १९८१ या काळात ही कल्पना स्पष्ट झाली. ग्रहणातल्या उपच्छायेचे नाव या पट्ट्याला दिले आहे, ते अगदी चपखल आहे. सारी धडपड या उपच्छायेसाठी असते. गुठळी विरघळवणारे औषध १९९५ च्या प्रसिद्ध चाचणीत ३ तासांच्या आत दिले गेले. २००८ मध्ये ती मर्यादा ४.५ तासांपर्यंत वाढवता येते असे दिसले. निवडक रोग्यांत यानंतरही गुठळी ओढून काढता येते, पण उपच्छाया आक्रसतच असते. हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे, कारण घरात आजोबांचे तोंड वाकडे झालेले बहुधा मुलालाच आधी दिसते. कुरुंदवाडहून मिरज फार लांब नाही. वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडल्यापासून या भागातले लोक मिरजेला जात आले आहेत. आधी डाग, मग मालिश, मग सुया आणि शेवटी मिरज असा क्रम लागला, तर ४.५ तास वाटेतच संपतात.

आता उंदीर. १९८१ मध्ये ग्लासगोत तामुरा यांनी उंदराची कवटी उघडून मेंदूची मधली धमनी बंद करण्याची रीत बसवली. जपानमध्ये कोइझुमी यांनी १९८६ मध्ये व अमेरिकेत लोंगा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कवटी न उघडण्याची युक्ती काढली. मानेतील धमनीतून नायलॉनचा बारीक धागा वर सरकवायचा. त्याचे टोक मधल्या धमनीच्या तोंडाशी पोचले, की रक्त थांबते. दीड-दोन तासांनी धागा मागे ओढला, की रक्त पुन्हा वाहू लागते. उंदीर शुद्धीवर आल्यावर त्याला गुण देतात. काहीच दोष नसेल तर ०. शेपटीने उचलल्यावर पुढचा पाय नीट पसरत नसेल तर १. गोल गोल फिरत राहिला तर २. एका बाजूला कलंडला तर ३. चालतच नसेल तर ४.

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या चकत्या कापून टेट्राझोलियम नावाच्या रंगहीन क्षाराच्या द्रावणात ठेवतात. जिवंत पेशींतील विकरे या क्षाराचे रूपांतर लाल पदार्थात करतात. जिवंत भाग लाल, मेलेला भाग पांढरा. शेतकी शिक्षण घेतलेल्यांना हे वाचून ओळखीचे वाटेल. सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे बियाणे जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी हाच क्षार वापरतात, आणि ती पद्धत जर्मनीत लाकोन यांनी १९४० च्या दशकात बियाण्यांसाठी विकसित केली होती.

अशा उंदरांवर चीनमध्ये विजेच्या सुयांचे प्रयोग मोठ्या संख्येने झाले. जागा साधारण ठरलेल्या. टाळूवरचा 'पाय-ह्वेइ' बिंदू, कोपरापाशी 'छू-छर' आणि गुडघ्याखाली 'चू-सान-ली'. विजेचा प्रवाह १ मिलिअँपिअरच्या आसपास, वेळ २०-३० मिनिटे. शीआनमधील श्युंग लीझ यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, की धमनी बंद करण्याच्या आधी काही दिवस सुया टोचल्या तर पांढरा पडणारा भाग लहान राहतो. २००९ मध्ये याच कामातून यामागच्या रेणूंचा एक माग हाती आला. फूच्यौमधील संशोधकांनी धमनी बंद करून उघडल्यानंतर कोपर-गुडघ्याच्या बिंदूंवर वीज दिली आणि त्यांनाही उंदीर बरे चालताना दिसले. इतर प्रयोगशाळांत नव्या रक्तवाहिन्या, चेतापेशींना जगवणारी प्रथिने, मेंदूतील मूळपेशींचे विभाजन, अशी निरीक्षणे आली. परिणाम काहीच नाही असे म्हणणे आता कठीण आहे.

या बिंदूंमागे अदृश्य नाड्याच मानाव्या लागतात असेही नाही. २०२१ मध्ये हार्वर्डच्या छ्यूफू मा यांच्या गटाने उंदराच्या गुडघ्याखालच्या बिंदूवर मंद वीज दिली, तर दाह कमी करणारा चेतामार्ग जागा होतो आणि पोटावरच्या बिंदूवर तीच वीज दिली तर होत नाही, असे दाखवले. कारण सरळ होते. एका विशिष्ट प्रकारचे चेतातंतू पायाच्या खोल भागात आहेत, पोटावरच्या त्या जागी नाहीत. जुन्या वैद्यांच्या हाताला काही जागा बरोबर लागल्या असाव्यात. त्यांचे स्पष्टीकरण मात्र बदलावे लागते.

मग घोडे अडते कुठे? श्युंग यांच्या प्रयोगाचेच घ्या. सुया आधी टोचल्या. अर्धांगवायू परवा येणार आहे, हे उंदराच्या बाबतीत संशोधकाला ठाऊक असते. आपल्या आजोबांच्या बाबतीत कोणालाच नसते. शिवाय सुया टोचताना उंदीर हलू नये म्हणून त्याला बऱ्याचदा गुंगी देतात, आणि गुंगीची काही औषधे स्वतःच मेंदूचे रक्षण करतात. तेव्हा तुलनेच्या उंदरांनाही तेवढीच गुंगी दिली होती का, हे पहिल्यांदा विचारावे. प्रयोगशाळेतला उंदीर बहुधा तरुण नर असतो, त्याला मधुमेह नसतो, रक्तदाब नसतो, आणि त्याचा मेंदू जेमतेम २ ग्रॅमचा. रोग्याचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा, वय साठीपुढचे. आणि तो ०-१-२-३-४ चा गुण देणारा माणूस! कोणत्या उंदराला सुया टोचल्या हे त्याला माहीत असेल, तर उंदीर कलंडला की नुसता डगमगला, हे ठरवताना त्याचा कल कुठे जाईल?

हे दोष केवळ अ‍ॅक्युपंक्चरचे नाहीत, हे स्पष्ट लिहायला हवे, नाहीतर आपण पक्षपाती ठरू. २००६ मध्ये एका गटाने अर्धांगवायूवर प्रयोगशाळेत आजमावलेल्या उपायांची मोजदाद केली, तेव्हा ते १०२६ भरले. त्यांतले माणसाच्या उपयोगी पडले ते बोटांवर मोजण्याइतके. एनएक्सवाय-०५९ हे औषध तर उंदरांत आणि माकडांतही उत्तम ठरले होते. २००६ मध्ये रोग्यांवरील पहिल्या चाचणीत थोडा गुण दिसला, २००७ मध्ये तीन हजारांहून अधिक रोग्यांवरील दुसऱ्या चाचणीत तोही दिसला नाही. २०१० मध्ये प्राण्यांवरील ५२५ शोधनिबंधांची छाननी झाली. परिणाम काही झाला नाही असे सांगणारे निबंध त्यात फक्त १० होते. फसलेले प्रयोग कपाटातच राहतात, हे यावरून उघड झाले. अ‍ॅक्युपंक्चरबाबत १९९८ मध्ये व्हिकर्स यांनी तपासले, तेव्हा चीनमधून प्रसिद्ध झालेली प्रत्येक चाचणी यशस्वी निघाली. ज्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो, तिच्या उत्तरपत्रिका कोणी तपासल्या, असे आपण विचारतोच ना!

माणसांवर काय दिसले? येथे स्वीडनमधील लुंडच्या डॉ. बार्ब्रो योहान्सन यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. १९९३ मध्ये त्यांनी ७८ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या व्यायामोपचाराबरोबर ज्यांना सुयाही मिळाल्या, ते अधिक बरे झाले. पण सुया मिळालेल्यांना कोणीतरी येऊन बसत होते, हात लावत होते, धीर देत होते. दुसऱ्या गटाला त्याऐवजी काहीच नव्हते. टीका झाली. योहान्सन यांनी वाद घालत न बसता चाचणी पुन्हा केली. २००१ मध्ये १५० रोग्यांवरील निष्कर्ष आले. एका गटाला सुया, दुसऱ्याला त्वचेवरून जोरदार वीज, तिसऱ्याला जाणवणारही नाही इतकी क्षीण वीज. तिन्ही गट सारखेच सुधारले. आपलाच आठ वर्षांपूर्वीचा गाजलेला निष्कर्ष त्यांनी स्वतः मोडून छापला. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनात ३१ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. फायद्याच्या खुणा काही ठिकाणी होत्या, पण चाचण्यांचा दर्जा इतका कमी, की त्यावरून नेहमीच्या वापराची शिफारस करता येईना. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे. हा उपचार कोणी करावा, हे कायदा ठरवतो. कोणत्या आजारावर तो चालतो, हे ठरवणे कायद्याच्या आवाक्यात नसते.

याच योहान्सन यांचा उंदरांवरचा एक वेगळा प्रयोग आहे. त्यात सुई नाही, वीजही नाही. १९९५ मध्ये ओल्सन आणि त्यांनी काही उंदरांची मधली धमनी कायमची बंद केली. नंतर काहींना नेहमीच्या लहान पिंजऱ्यात ठेवले, तर काहींना सोबती असलेल्या, चढायला-खेळायला वस्तू असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात. दुसऱ्या गटातले उंदीर तोल सांभाळण्यात, अरुंद दांडीवरून चालण्यात स्पष्टपणे पुढे गेले. मेंदूतला मेलेला भाग मात्र दोन्ही गटांत सारखाच होता. म्हणजे जखम लहान न होताही सुधारणा झाली. उरलेल्या मेंदूने काम वाटून घेतले. नुसती टेट्राझोलियमची चकती पाहणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

हा निष्कर्ष वाचून कोणालाही वाटेल, की रोग्याला पहिल्या दिवसापासूनच भरपूर हालचाल करायला लावावी. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २१०४ रोग्यांवर हेही तपासले गेले. २०१५ मध्ये निकाल आला. पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार चालवलेल्या गटात, तीन महिन्यांनंतर स्वतःचे स्वतः करू शकणारे रोगी नेहमीच्या शुश्रूषेच्या गटापेक्षा थोडे कमीच निघाले. हालचाल हवीच. पण किती, आणि कोणत्या दिवसापासून, हे उंदराच्या पिंजऱ्यावरून कळले नव्हते.